एकाच गव्हाणीतली वैरण शेळीला मानवते, मेंढीला का नाही?

प्रश्न असा आहे. एका पशुपालकाकडे सुमारे ३० शेळ्या आणि २० मेंढ्या एकाच गोठ्यात आहेत. सर्वांना एकाच गव्हाणीत लसूणघास, न कापलेले हत्तीगवत, सुबाभळीच्या फांद्या आणि ज्वारीचा कडबा मिळतो. शेळ्या तुकतुकीत आहेत. मेंढ्यांच्या पाठीचा कणा मात्र हाताला टोचू लागला आहे, काहींची लोकर झडते आहे आणि काहींच्या लेंड्या मधूनच चिकटून गोळ्यासारख्या पडतात. मेंढीची पचनशक्ती मुळातच कमी असते का, आणि दोघींना कोणता चारा किती द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

मेंढीची पचनशक्ती कमी नसते. कोवळा, सकस चारा दोघींना मोजून दिला आणि दोघींनी तो सगळा संपवला, तर त्यातला पचणारा भाग जवळजवळ सारखाच भरतो. निकृष्ट, चोथट किंवा तुरट चाऱ्यावर शेळी काहीशी सरस ठरते हे खरे आहे, परंतु आपण वर्णन केलेली तफावत एवढ्यावरून पडणार नाही. अशा मिश्र कळपांमध्ये मी वर्षानुवर्षे काम करत आलो आहे आणि बहुतेक वेळा दोष पोटात नव्हे, तर तोंडापाशी सापडला आहे. आपण दोघींना एकच वैरण टाकता, पण दोघी एकच वैरण खात नाहीत.

दोघींच्याही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे एक टणक गादी असते आणि खालचे आठ दात तिच्यावर दाबून घास तोडला जातो. इथपर्यंत दोघी सारख्याच आहेत. मेंढीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असल्याने तिचे दात जमिनीच्या अगदी जवळ पोचतात आणि ती मान खाली घालून आखूड गवत थराथराने कापत जाते. शेळीचा वरचा ओठ पातळ आणि अतिशय चपळ असतो. ओठ आणि जीभ यांच्या साहाय्याने ती काट्यांमधून एकेक पान वेचू शकते, आणि मागच्या दोन पायांवर उभी राहून डोक्याच्या वरचा शेंडाही गाठते. मेंढी निवड करत नाही असे नाही, तीही पान आधी आणि खोड नंतर खाते, पण शेळीइतकी बारीक निवड तिला साधत नाही.

हे पाहायचे असेल तर संध्याकाळी वैरण टाकल्यावर अर्धा तास गव्हाणीपाशी काही न करता उभे राहावे. शेळी प्रथम सुबाभळीच्या फांदीकडे जाते, देठ ओठांमध्ये धरून मान मागे ओढते आणि एका झटक्यात सगळी पर्णिका ओरबाडून काडी तशीच सोडते. मग लसूणघासाचे शेंडे खुडते. हत्तीगवताचे पान मधूनच तोडते आणि दांडा नाक लावून बाजूला सारते. एकदा पायाखाली गेलेली, लघवी लागलेली वैरण ती सहसा पुन्हा तोंडात घेत नाही. शिंगे असलेल्या शेळ्या या सगळ्या वेळात मेंढ्यांना कडेला रेटत असतात. अर्ध्या तासाने मेंढ्या निवांत खायला लागतात तेव्हा गव्हाणीत लसूणघासाच्या काड्या, हत्तीगवताचे दांडे आणि कडबा एवढेच उरलेले असते. लसूणघासाच्या पानात त्याच्या खोडाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. म्हणजे कागदावर दोघींना लसूणघास मिळाला, प्रत्यक्षात एकीला पाने मिळाली आणि दुसरीला काड्या.

आता पोटाकडे वळू. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे दोघींना असतात आणि त्यांतील कोठीपोट, म्हणजेच रुमेन, हा सर्वांत मोठा कप्पा आहे. सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानाच्या, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या या कोठीत असंख्य जीवाणू, आदिजीव आणि बुरशी चारा कुजवून आंबवतात. चोथ्याचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज पचवणारे विकर (एन्झाइम) मेंढी किंवा शेळी स्वतः तयार करू शकत नाही. ते काम हे सूक्ष्मजीव करतात. त्यातून तयार होणारी ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि जनावराच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच मिळतो. पुढे हेच सूक्ष्मजीव चाऱ्यासोबत खऱ्या पोटात वाहत जातात, तिथे पचतात आणि जनावराला उत्तम प्रतीची प्रथिने देतात. म्हणून वैरण ठरवताना मी नेहमी सांगतो की आपण आधी सूक्ष्मजीवांना जेवू घालतो आणि मग जनावराला. त्यांची उपासमार झाली तर भरल्या पोटी जनावर वाळते.

या सूक्ष्मजीवांना ऊर्जेबरोबर नत्र लागते. वैरणीच्या शुष्क भागात, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागात, साधारण ७ टक्क्यांपेक्षा कमी प्रथिने असतील तर त्यांची वाढ मंदावते, चोथा कोठीपोटातच साचून राहतो आणि जागा रिकामी न झाल्याने जनावर आणखी खात नाही. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात. आपल्या मेंढ्यांच्या वाट्याला कडबा आणि दांडे आले असतील तर त्या नेमक्या याच अवस्थेत आहेत. पोट डाव्या बाजूला भरलेले, गोल दिसते, आणि पाठीवर हात फिरवला की हाडे लागतात. या बाबतीत शेळीला एक लाभ आहे. रक्तातील युरिया लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून पुन्हा सूक्ष्मजीवांकडे वळवण्याची सोय दोन्ही जनावरांत असते, पण चारा निकृष्ट असताना शेळी ती अधिक चांगली वापरते आणि म्हणून कडब्यावर ती थोडी उशिरा खंगते. हा लाभ थोडाच आहे, त्याच्या भरवशावर शेळीलाही नुसत्या कडब्यावर ठेवू नये.

उलट टोकाला नुसता लसूणघास आहे. त्याच्या शुष्क भागात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. साधारण ३० किलो वजनाच्या, गाभण किंवा दुभती नसलेल्या जनावराने दिवसाला १ किलो शुष्क पदार्थ लसूणघासातूनच घेतला तर त्याला गरजेच्या दुपटीहून अधिक प्रथिने मिळतात. जास्तीचा अमोनिया यकृताला युरियात बदलून लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो आणि त्यातही ऊर्जा खर्च होते. शिवाय कोवळ्या, दव असलेल्या लसूणघासातील विद्राव्य प्रथिनांमुळे कोठीपोटात घट्ट फेस तयार होतो, वायू बाहेर पडत नाही आणि पोटफुगी होते. गाई-म्हशींइतका हा धोका शेळ्या-मेंढ्यांत नसला तरी उपाशी कळप सकाळी थेट लसूणघासात सोडला तर तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे. डावी कूस उजवीपेक्षा वर उचललेली दिसली की त्या जनावराकडे लगेच लक्ष द्यावे.

या दोन टोकांना एकत्र आणणे हाच वैरणीचा खरा हिशेब आहे. शुष्क पदार्थाच्या हिशेबाने १ भाग लसूणघास आणि २ भाग कडबा घेतला तर मिश्रणात सुमारे ९ टक्के प्रथिने येतात आणि केवळ वजन टिकवायच्या प्रौढ जनावराला ते पुरते. दुभत्या, वाढत्या आणि गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यातील मादीसाठी लसूणघासाचा वाटा वाढवावा लागतो. इथे 'शुष्क पदार्थाच्या हिशेबाने' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८५ टक्के पाणीच असते. मेंढी रोज आपल्या वजनाच्या सुमारे २.५ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ खाते, शेळी ३ ते ४ टक्के, आणि जास्त दूध देणारी शेळी याहूनही अधिक. रोज १ किलो शुष्क पदार्थ द्यायचा असेल आणि त्यातला अर्धा हिरव्यातून द्यायचा असेल, तर २० टक्के शुष्कांश असलेला हिरवा चारा अडीच किलो आणि वाळलेली वैरण सुमारे ५५० ग्रॅम लागते. नुसता हिरवा चारा डोळ्यांना भरपूर दिसतो आणि प्रत्यक्षात पोटात पाणीच जास्त जाते, ही चूक अगदी जाणती माणसेही करतात.

एकदल चाऱ्यांपैकी मका फुलोऱ्यापासून दाणे दुधात येईपर्यंत कापला तर दोघींना चांगला पचतो. त्यात शर्करा भरपूर आणि प्रथिने ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणून तो लसूणघास, बरसीम किंवा चवळीसोबत छान जुळतो. हत्तीगवताचे सगळे गणित कापणीच्या वयावर आहे. वय वाढते तसे खोडात लिग्निन साठते, आणि लिग्निन हा असा घटक आहे की त्याला कोठीपोटातले सूक्ष्मजीवही हात लावू शकत नाहीत, उलट तो भोवतीच्या सेल्युलोजलाही कोंडून ठेवतो. पुरुषभर वाढलेल्या हत्तीगवताचा भारा मोठा दिसतो, पण त्यातला पोषणाचा भाग निम्माही राहिलेला नसतो. उंच वाढू न देता लवकर कापावे, कापण्या वाढल्या तरी चालेल.

कुट्टीबद्दल, म्हणजे चारा तुकडे करून देण्याबद्दल, माझे मत थोडे वेगळे आहे. कुट्टी केली की शेळीला निवड करता येत नाही आणि वाया जाणारा चारा वाचतो, हे बरोबर आहे. पण निवड हेच शेळीचे पोषणाचे साधन आहे. दांडे मिसळून दिले की ती सरासरी निकृष्ट वैरण खाते किंवा एकूण कमी खाते. म्हणून जाड दांड्यांचा चारा २ ते ३ सेंटिमीटर लांबीचा कापावा, परंतु दुभत्या शेळ्यांना आणि करडांना गरजेपेक्षा १५ ते २० टक्के वैरण जास्त टाकून निवडायला वाव द्यावा. याहून बारीक भुगा मात्र कोणालाच करू नये. लांब धागे कोठीपोटाच्या भिंतीला टोचतात, त्यातूनच रवंथ सुरू होते. रवंथ करताना प्रत्येक गोळा ४०-५० वेळा तरी चघळला जातो आणि तेवढी लाळ आत जाते. या लाळेतील बायकार्बोनेटमुळे कोठीपोटाचा सामू (पीएच) ६ ते ६.८ च्या दरम्यान राहतो. भुग्यावर रवंथ घटते, लाळ घटते, आणि चोथा पचवणारे जीवाणू सर्वांत आधी मरतात.

धान्याची भरड याच कारणासाठी जपून द्यावी लागते. स्टार्च फार वेगाने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते आणि सामू ५.५ च्या खाली गेला की आम्लता होते. जनावर खाणे सोडते, दात खाते, पातळ आंबूस हगते, आणि वेळेत लक्ष न दिल्यास दगावते. अचानक वाढवलेल्या खुराकामुळे आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या जीवाणूचे विष तयार होऊन आंत्रविषारही होतो, आणि त्यात कळपातले सर्वांत धष्टपुष्ट कोकरू किंवा करडू आधी जाते. म्हणून कोणताही बदल, मग तो कडब्यावरून हिरव्याकडे असो की हिरव्यावरून मुरघासाकडे (हवाबंद दाबून आंबवलेल्या चाऱ्याकडे), १० ते १४ दिवसांत हळूहळू करावा. तेवढा काळ सूक्ष्मजीवांची वस्ती बदलायला लागतोच. मुरघास दोघींना मानवतो, पण मेंढीच्या बाबतीत एक दक्षता आवश्यक आहे. नीट न दाबलेल्या, कडेने बुरशी आलेल्या मुरघासात लिस्टेरिया जीवाणू वाढतो. त्याची बाधा झालेली मेंढी एकाच दिशेने गोल फिरू लागते आणि तिचा एक कान व चेहऱ्याची एक बाजू लोंबते. बुरशीचा भाग 'जरासाच आहे' म्हणून मेंढ्यांना टाकू नये.

आता सुबाभळीकडे, कारण आपल्या मेंढ्यांची लोकर झडण्याशी तिचा संबंध असू शकतो. सुबाभळीचा पाला २० टक्क्यांहून अधिक प्रथिनांचा, रुचकर आणि पचायला सोपा आहे, पण त्यात मिमोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. ते लोकरीच्या मुळाशी होणारे पेशीविभाजन थांबवते, इतके की पूर्वी लोकर न कापता उतरवण्यासाठी त्याचा वापर करून पाहिला गेला होता. कोठीपोटात त्याचे रूपांतर होऊन बनणारा पदार्थ थायरॉइड ग्रंथीला अपाय करतो. हवाईतील शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊनही निरोगी राहतात हे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्यांच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिल्यावर तीही सुरक्षित झाली. विष मोडणाऱ्या त्या जीवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव मिळाले. एखाद्या कळपाला एखादा चारा का सोसतो आणि दुसऱ्याला का नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आपल्या जनावरांत तो जीवाणू आहे असे गृहीत न धरता सुबाभूळ एकूण वैरणीच्या शुष्क भागात तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवावी. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की लोकर हे गंधकयुक्त प्रथिन आहे, आणि प्रथिनांची उपासमार झालेल्या मेंढीची लोकर सुबाभूळ न खाताही कमकुवत होऊन तुटते. काहींच्या गळ्याशी सूज दिसते का, आणि लोकर ओढल्यास मुळापासून सुटते की मधून तुटते, हे पाहून ठेवा. मुळापासून सुटत असेल तर सुबाभळीवर संशय बळावतो.

तुरट पाल्याबाबत मात्र शेळीचे पचन खरोखर वेगळे आहे. अशा पाल्याला तुरटपणा देणारे टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते आणि सूक्ष्मजीवांना काम करू देत नाही. शेळीला कडू-तुरट चव मेंढीपेक्षा अधिक सोसते, आणि टॅनिन असतानाही वाढणारे जीवाणू रानटी शेळ्यांच्या कोठीपोटात सापडले आहेत. थोडे टॅनिन दोघींनाही हितकारक असते. ते प्रथिनांना कोठीपोटात वाया न जाऊ देता पुढे पोचवते आणि पोटफुगीचा फेसही मोडते. म्हणून लसूणघासासोबत थोडा तुरट झाडपाला देण्याची जुनी सवय मला योग्य वाटते.

ज्वारीचा उल्लेख केल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणानंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत, धुरिन असते आणि कोठीपोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर धापा टाकते, रक्त लालभडक दिसते आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. पीक गुडघ्याच्या खाली असताना मुळीच चारू नये, शक्य तो फुलोऱ्यानंतरच कापावे. वाळवल्याने हे विष बरेच कमी होते. नायट्रेटचे तसे नाही. युरियाचा भरपूर मारा केलेल्या मका, बाजरी किंवा ओटमध्ये साठलेले नायट्रेट वाळल्यावरही तसेच राहते, मुरघासात मात्र घटते. नायट्रेटची विषबाधा झाल्यास रक्त चॉकलेटी दिसते. रक्ताचा हा रंग डॉक्टरांना फोनवर सांगितला तरी उपचाराची दिशा ठरायला मदत होते.

आपण क्षारमिश्रण कोणते देता हे प्रश्नात लिहिलेले नाही, पण एकच गव्हाण असल्याने मला त्याची काळजी वाटते. शेळीला तांबे मेंढीपेक्षा जास्त लागते. मेंढी तांबे यकृतात साठवत जाते आणि ते सहज बाहेर टाकू शकत नाही. शेळ्यांसाठी किंवा गाईंसाठी बनवलेले मिश्रण महिनोन्महिने चाटणारी मेंढी एक दिवस अचानक पिवळी पडते, लालसर-तपकिरी लघवी करते आणि मरते. मेंढ्यांचे मिश्रण मेंढ्यांसाठीच तयार केलेले असावे. हा बदल आजच करावा, त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही निदानाची वाट पाहू नये.

बाकीची व्यवस्था अशी करता येईल. गव्हाणी वेगळ्या कराव्यात, आणि जागा नसेल तर निदान मेंढ्यांना आधी अर्धा तास द्यावा. शेळ्यांचा झाडपाला जुडी बांधून त्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगावा. त्यांना तसे खायला आवडते आणि वैरण तुडवली जात नाही. मेंढ्यांना लसूणघास आणि कडबा कुट्टी करून, नीट मिसळून द्यावा. लसूणघास कापल्यावर काही तास सुकवून घ्यावा. शेळ्यांचे उष्टे मेंढ्यांची मुख्य वैरण होता कामा नये. रोज सकाळी गव्हाणीतली शिल्लक उचलून वजन करा आणि तिच्यात पान किती व दांडा किती ते पाहा. पाने शिल्लक असतील तर वैरण जास्त होते आहे, नुसते कोरडे दांडे असतील तर कमी पडते आहे.

आणि लेंड्या पाहा. ताजी लेंडी दोन बोटांत फोडून पाहावी. सुटी, ओलसर, आत बारीक चोथा असलेली लेंडी ठीक आहे. फार कोरडी, लांब धागे दिसणारी लेंडी नत्र किंवा पाणी कमी पडल्याची खूण आहे. चिकटून गोळा झालेली लेंडी कोवळ्या हिरव्याचा किंवा धान्याचा भार सांगते, आणि आपल्या मेंढ्यांत ती मधूनच दिसते याचा अर्थ काही दिवस त्यांना पाने अचानक जास्त सापडत असावीत. जंतांमुळेही असे होऊ शकते आणि मेंढी जमिनीलगत चरत असल्याने तिला त्यांची बाधा होतेच. वैरण बदलण्याआधी एकदा लेंड्यांची तपासणी पशुवैद्यकांकडून करून घ्या आणि दर १५ दिवसांनी त्याच ५ मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवून नोंद ठेवा. कण्याची टोके हाताला बोथट लागू लागायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतील, लोकरीला त्याहून अधिक.